पावसाळ्यातला आजार आणि खळ्यावरचा पैसा

जुलै महिना. गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि रोवणीची धांदल चालू असते. घरातला प्रत्येक धडधाकट माणूस चिखलात उभा असतो. मागच्या हंगामातले धान संपत आलेले असते आणि नवे धान घरात यायला अजून चार-पाच महिने असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून मिळालेली मजुरी बियाणे, खत आणि मुलांची वह्या-पुस्तके यांत खर्च झालेली असते. नेमक्या याच दिवसांत साचलेल्या पाण्यावर डास वाढतात. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलाच्या तालुक्यांत मलेरियाची भीती असते. बांधावर साप निघतात. गढूळ पाण्याने हगवण लागते. म्हणजे घरात पैसा सर्वांत कमी असतो तेव्हाच आजारपण सर्वांत जास्त असते.

हा योगायोग नाही. धान आणि डास दोघांनाही पाणीच लागते. आजारपणाच्या खर्चाचा विचार करताना ही साधी गोष्ट आपण नेहमी ध्यानात ठेवली पाहिजे. खर्च किती आला एवढाच प्रश्न नसतो. तो केव्हा आला हाही प्रश्न असतो. पूर्वी अशा वेळी माणसे सावकाराकडे जात. दिढीने धान उचलत, म्हणजे आज दोन पायल्या घ्यायच्या आणि हंगामात तीन पायल्या परत करायच्या. त्याने भागले नाही तर चांदीचे दागिने, मग बैल आणि शेवटी शेत. रोगी बरा होई, पण घर आजारी पडे.

या संकटावर माणसाने जे उपाय शोधले त्यांपैकी एक म्हणजे विमा. विमा म्हणजे कंपनीचा कागद, एवढीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यामागे गणितातला एक सुंदर विचार आहे आणि सुमारे दीडशे वर्षांचा सामाजिक इतिहास आहे. या इतिहासात गोंदियाचा शेतकरी आणि विडी कामगार फार उशिरा आला. तो उशिरा का आला, हे आपण या लेखात पाहू.

एकाचे बिल आणि सगळ्यांची सरासरी

प्रथम खर्चाचे आकडे पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ साली देशभर आरोग्यखर्चाची माहिती गोळा केली. बाळंतपणे वगळता, एकदा रुग्णालयात भरती झाल्यास सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये आणि खाजगी रुग्णालयात सरासरी ३१,८४५ रुपये खर्च येतो, असे त्या पाहणीत आढळले. खाजगी खर्च सरकारीच्या सातपट! त्याच पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या सुमारे ८६ टक्के लोकांना आरोग्यखर्चाचे कोणतेही संरक्षण नव्हते.

परंतु सरासरीचा आकडा एका अर्थी फसवा असतो. कोणत्याही घराला दरवर्षी सरासरीएवढे बिल येत नाही. बहुतेक घरांना त्या वर्षी काहीच येत नाही आणि एखाद्या घराला एकदम मोठे बिल येते. ते घर कोणते हे आधी सांगता येत नाही. मात्र घरे पुष्कळ असतील तर एकूण किती घरांवर ही पाळी येईल, हे बऱ्याच अचूकपणे सांगता येते. विम्याचा सारा डोलारा या एका फरकावर उभा आहे.

हा फरक शास्त्रज्ञांच्या ध्यानात सतराव्या शतकाच्या अखेरीस आला. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेसलाऊ शहरातल्या (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) जन्म-मृत्यूंच्या नोंदी घेऊन कोणत्या वयाची किती माणसे पुढच्या वर्षापर्यंत जगतात, याचे कोष्टक मांडले. पुढे १७१३ साली याकोब बर्नुली यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सिद्ध केले होते की प्रयोगांची संख्या वाढवत नेली तर प्रत्यक्षात मिळणारे प्रमाण खऱ्या शक्यतेच्या अधिकाधिक जवळ जाते. याला आपण मोठ्या संख्यांचा नियम म्हणतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे समजून घेऊ. समजा, दरवर्षी २० घरांपैकी एका घरावर भरतीची पाळी येते आणि बिल २०,००० रुपये होते. प्रत्येक घराने वर्षाला १,००० रुपये जमा केले तर हिशेब जुळतो. पण हा फंड फक्त २० घरांच्या टोलीने उभारला तर? गणित केले तर दिसते की सुमारे ३६ टक्के वर्षांत एकही घर आजारी पडणार नाही आणि फंड शिल्लक राहील. पण सुमारे साडेसात टक्के वर्षांत, म्हणजे साधारण तेरा वर्षांतून एकदा, तीन किंवा अधिक घरे आजारी पडतील आणि फंड बुडेल. आता हाच फंड २,००० घरांनी उभारला असे समजू. अपेक्षित आजारी घरे १००. ही संख्या १३० च्या पुढे जाण्याची शक्यता हजारात एक-दोन एवढीच. हप्ता १,००० च्या ऐवजी १,३०० ठेवला की फंड जवळजवळ कधीच बुडणार नाही.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. एका डब्यात २० चिठ्ठ्या ठेवा, त्यांतल्या एकीवर फुली करा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक चिठ्ठी काढायची, पाहायची आणि परत डब्यात टाकायची. वर्गात किती फुल्या निघाल्या ते फळ्यावर लिहा. हे एक ‘वर्ष’ झाले. अशी दहा वर्षे करा. नंतर शाळेतल्या सगळ्या वर्गांचे आकडे एकत्र करा. एका वर्गाचे आकडे कसे उड्या मारतात आणि साऱ्या शाळेची बेरीज कशी शांत राहते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

यातून आणखी एक गोष्ट कळते. आपण निरोगी आहोत म्हणून धडधाकट घरे फंडाबाहेर राहिली आणि फक्त दुखणाईत घरे आत आली तर सरासरी बिघडते, हप्ता वाढतो, मग उरलेली बरी घरेही बाहेर पडतात. म्हणून फंड मोठा तर हवाच, पण त्यात सगळ्या प्रकारची माणसे हवीत. गणित सोपे आहे. सगळ्यांना एकत्र आणायचे कसे आणि हप्ता गोळा करायचा कसा, हा अवघड प्रश्न आहे. आरोग्यविम्याचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला निरनिराळ्या काळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास.

पगारातून कापलेला हप्ता

पहिले मोठे उत्तर जर्मनीने दिले. तिथल्या खाणकामगारांत आणि कारागिरांत आजारी सोबत्याला मदत करणारे फंड पूर्वीपासून होते. १८८३ साली चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या सरकारने कायदा करून औद्योगिक कामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा केला. हप्त्याचा दोन तृतीयांश भाग कामगार देई आणि एक तृतीयांश मालक. यामागे केवळ दया नव्हती. कामगार समाजवादी पक्षाकडे जाऊ नयेत, हाही हेतू होता. ब्रिटनने १९११ साली असाच कायदा केला. तिथे पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन आणि सरकारने दोन पेन्स द्यायचे होते.

या दोन्ही देशांत हप्ता गोळा करण्याची युक्ती एकच होती. कारखान्यात हजेरीपट असतो आणि दर आठवड्याला पगार होतो. त्या पगारातून हप्ता कापून घेता येतो. घरोघरी फिरावे लागत नाही. आजारी आणि निरोगी सगळेच कामगार आपोआप फंडात येतात.

आपल्या देशात हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांनी १९४४ साली अहवाल दिला. त्याच्या पायावर १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती प्रथम आली ती मुंबईत नव्हे, तर आपल्या विदर्भातल्या नागपुरात, जुलै १९५४ मध्ये. मुंबईत ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोहोचली. नागपूरच्या कापडगिरणीतल्या कामगाराला त्या दिवसापासून आजारपणात औषधोपचार आणि रजेच्या दिवसांचा काही पगार, हे दोन्ही हक्क मिळाले.

त्याच सुमारास दुसराही मार्ग सुचवला जात होता. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्याचे सूत्र होते. खेड्यातला बहुसंख्य समाज हप्ता देऊ शकणार नाही, म्हणून करातून चालणारी सरकारी आरोग्यसेवाच सर्वांसाठी उभारावी, असे समितीचे मत होते. आज आपल्या गावाजवळ जे प्राथमिक आरोग्य केंद्र असते त्याची कल्पना या अहवालातूनच आली. नीट पाहिले तर हाही एक प्रचंड मोठा फंडच आहे. फरक एवढाच की त्याचा हप्ता आपण कराच्या रूपाने देतो.

विडीच्या सुपापर्यंत

नागपूरहून गोंदिया रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. पण नागपूरच्या गिरणीतला विमा गोंदियाच्या विडी कामगारापर्यंत आला नाही. याचे कारण कायद्याच्या व्याख्येत आहे. सुरुवातीला हा कायदा विजेवर किंवा इतर यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या बारमाही कारखान्यांनाच लागू होता.

विडीला वीज लागत नाही. जंगलातला तेंदूपत्ता, तंबाखू, दोरा, कात्री आणि मांडीवर एक सूप, एवढे साहित्य पुरते. त्या काळच्या भंडारा जिल्ह्यात, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हा धंदा घराघरांत पसरला होता. कामगारांत बायका पुष्कळ होत्या. पत्ता-तंबाखू घरी आणायचा, विड्या वळायच्या आणि ठेकेदाराकडे मोजून द्यायच्या. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, मग हप्ता कापणार कशातून? दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या, छातीच्या आजारांचा धोका अधिक असलेल्या कामगारांनाच विम्याची अधिक गरज होती. तीच माणसे कायद्याबाहेर राहिली.

या अडचणीवर १९७६ साली एक वेगळा तोडगा निघाला. संसदेने विडी कामगारांच्या कल्याणनिधीचे कायदे केले. कामगाराच्या पगारातून हप्ता कापता येत नाही ना, मग धंद्यातल्या मालावरच उपकर बसवावा आणि त्या पैशातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत द्यावी, अशी ही कल्पना होती. फंड मजुरीवर नाही, विडीवर उभारला. कामगाराकडे ओळखपत्र असले की तो निधीच्या दवाखान्यात जाऊ शकत असे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला.

धान पिकवणारा शेतकरी आणि शेतमजूर मात्र या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेरच होते. त्यांचा हप्ता कोण, कसा आणि केव्हा घेणार? या प्रश्नाचे एक उत्तर विदर्भातच, वर्धा जिल्ह्यात सापडले.

सेवाग्रामची ज्वारी

सेवाग्राम येथे १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नय्यर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. तिथले डॉक्टर आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गावकऱ्यांबरोबर ज्वारीची विमा योजना आकाराला आणली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. हप्ता पैशात नव्हे, ज्वारीत घ्यायचा. तोही पीक खळ्यावर आल्यानंतर, म्हणजे घरात धान्य असते तेव्हा. ज्याची शेती जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीनाने कमी. सेवा मात्र सर्वांना सारखी. गावातल्या सुमारे ७५ टक्के घरांनी सामील व्हायला हवे, तरच ते गाव योजनेत घ्यायचे. आलेल्या धान्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचे मानधन आणि औषधे यांची सोय व्हायची आणि सभासद घरातला माणूस रुग्णालयात भरती झाला तर त्याला बिलात मोठी सवलत मिळायची. अचानक आलेल्या आजारात ही सवलत अधिक असे. आधीपासून ठाऊक असलेल्या दुखण्यासाठी किंवा नेहमीच्या बाळंतपणासाठी घराने काही वाटा उचलायचा असे.

या प्रत्येक नियमामागे कारण आहे. ७५ टक्क्यांचा नियम म्हणजे केवळ आजारी घरेच फंडात येऊ नयेत याची काळजी. खळ्यावरचा हप्ता म्हणजे सुगीतला पैसा पावसाळ्याकडे नेण्याची सोय. भंडारा-गोंदियाच्या माणसाला हे लगेच पटेल, कारण इथल्या मालगुजारी तलावांनी शेकडो वर्षे हेच केले आहे. पावसाचे पाणी अडवून ठेवायचे आणि बांधीला गरज पडेल तेव्हा सोडायचे.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्वारीच्या हप्त्यातून रुग्णालयाचा सगळा खर्च निघत नव्हता. संस्थेला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा मोठा आधार होता. गरिबांचा विमा केवळ गरिबांच्या हप्त्यावर चालत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

ओळखपत्रावरचे उपचार

शहरी मध्यमवर्गासाठी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ पॉलिसी आणली. आधी बिल भरायचे, मग पावत्या जोडून पैसे परत मागायचे, अशी तिची मूळ पद्धत. आपल्यापैकी अनेक शिक्षकांना वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा अनुभव असेल. ज्याच्याजवळ आधी भरायला पैसे आहेत त्यालाच ही पद्धत उपयोगी पडते. रोवणीच्या दिवसांत हात रिकामे असलेल्या घराला ती काय कामाची?

महाराष्ट्र सरकारने १९९७ साली गरीब रुग्णांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आली. त्यांत शेजारचा गडचिरोली होता, गोंदिया नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचली आणि गोंदियाची पिवळी व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबे तिच्यात आली. नागपूरच्या गिरणी कामगाराला विमा मिळून तोवर ५९ वर्षे झाली होती!

या योजनेत कुटुंबामागे ३३३ रुपयांचा वार्षिक हप्ता सरकारने विमा कंपनीला दिला आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत ९७२ प्रकारचे उपचार मिळू लागले. भागाकार करून पाहा. दीड लाख भागिले ३३३ म्हणजे सुमारे ४५०. ज्या वर्षी साडेचारशे घरांपैकी एकाच घराला पूर्ण रक्कम लागते, त्या वर्षी हिशेब जुळतो. बर्नुलींचा नियम आपल्या शिधापत्रिकेपर्यंत आला तो असा. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि पुढे दोन्हींची सांगड घालण्यात आली. २०२३ साली राज्याने संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये करण्याचा आणि ते सर्व शिधापत्रिकाधारकांना देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी उपचारांची संख्या १,३५६ होती. १ जुलै २०२४ पासून हा विस्तार अमलात आला.

बिल कमी कसे होते?

विम्यामुळे बिल नाहीसे होत नाही. डॉक्टर, परिचारिका, औषध, यंत्र यांचा खर्च कोणीतरी देतच असतो. मग कमी काय होते? पहिली गोष्ट, एका घरावरचा भार हजारो घरांवर पसरतो. दुसरी, तो भार अडचणीच्या महिन्यातून सोयीच्या महिन्यात जातो. तिसरी गोष्ट खऱ्या अर्थाने किंमत कमी करणारी आहे. आजारी माणूस घासाघीस करू शकत नाही. सापाने चावलेल्या मुलाचा बाप दर विचारत बसत नाही. पण लाखो कुटुंबांच्या वतीने बोलणारी योजना रुग्णालयाशी प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरवून घेते. ठरलेल्या दरापेक्षा जास्त मागायचे नाही आणि रुग्णाकडून रोख घ्यायची नाही, असा नियम करता येतो.

पण विम्याच्या मर्यादाही तेवढ्याच खऱ्या आहेत. या योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी आहेत. महिनोन् महिने रक्तदाबाच्या गोळ्या घेणे, तपासण्या करणे, नागपूरला जाण्या-येण्याचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली रोवणीची मजुरी, हे सारे बहुतांशी घरालाच सोसावे लागते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला भाग २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात.

आणि सुरुवातीचे दोन आकडे पुन्हा आठवू या: सरकारी रुग्णालयात ४,४५२ आणि खाजगीत ३१,८४५. म्हणजे जवळचे, चांगले चालणारे सरकारी रुग्णालय हाही बिल कमी करण्याचा मोठा मार्ग आहे. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे एखाद्या रुग्णाची नागपूरची फेरी वाचली तर ती बचत कोणत्याही विम्याच्या कागदावर दिसत नाही, पण घराला ती जाणवते. आडारकरांचा विमा आणि भोर यांची सरकारी सेवा हे एकमेकांना पर्याय नाहीत. कार्ड हातात आहे पण जवळ रुग्णालय नाही, किंवा रुग्णालय आहे पण औषध बाहेरून आणायचे, या दोन्ही स्थितींत घर पुन्हा सावकाराच्या दाराशी जाते.

शिक्षकांना इथे एक काम करण्यासारखे आहे. आपल्या वर्गातल्या किती मुलांच्या घरी योजनेचे कार्ड आहे, शिधापत्रिकेवर सगळ्यांची नावे आहेत का, योजनेतले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथला आरोग्यमित्र कुठे बसतो, हे मुलांनाच शोधून काढायला सांगावे. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीआधी व्हावे. रोवणी सुरू झाली आणि घरात ताप आला की मग कागद शोधायला कोणाला वेळ नसतो.